मायला विधानसभा दाखवली

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. मायला हैदराबादला नेलं तेव्हाही मी आतून तापूनच होते, आणि तेही कुणी काही केलेलं नसताना.

झालं असं, की मला खात्याच्या दोन दिवसांच्या ट्रेनिंगसाठी हैदराबादला जायचं होतं. तिसऱ्या दिवसाची रजा टाकली आणि मायला म्हटलं, तूही चल. अधिवेशन सुरू होतं. एका सहकाऱ्याने ओळखीतून विधानसभेच्या प्रेक्षक गॅलरीचे दोन पास मिळवून दिले होते.

"मले काय समजते तिथलं?" माय म्हणाली.

"समजून घ्यायचं नाही, पाहायचं."

"पाहाले आदिलाबादात काय कमी हाये?"

एवढं बोलून झालं, पण दुसऱ्या दिवशी तिची पिशवी भरून खुंटीला लटकलेली होती.

तिला इमारत दाखवायची होती हे अर्धंच खरं. नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात जमीनदाराचं एक मोठं घर होतं. मायनं तरुणपणी त्यांच्याच शेतात कापूस वेचला. त्या घरासमोरून जाताना ती चपला काढून हातात घ्यायची आणि गल्ली संपली की परत घालायची. आमच्या वस्तीतल्या सगळ्याच बायका तसं करायच्या. मी सात-आठ वर्षांची असेन. "काऊन काढली व माय?" असं विचारलं की ती म्हणायची, "चाल गुमान." पुढे आम्ही आदिलाबादला आलो, मी शिकले, नोकरीला लागले, पण ते हातातल्या चपलांचं चित्र काही डोक्यातून गेलं नाही. मला एकदा, फक्त एकदा, मायला राज्यातल्या सगळ्यात मोठ्या घरात पायात चपला घालून शिरताना पाहायचं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, तिलाही नाही.

त्यासाठी मी तिला चांगल्या चामड्याच्या नव्या चपला घेतल्या.

"चावतात बाप्पा ह्या," ती घरातच दोन पावलं टाकून म्हणाली.

"चावू दे," मी म्हणाले.

बस हायवेला लागली. नेरडीगोंडा आलं तेव्हा माय खिडकीशी सरकून बसली. गावाबद्दल काही बोलेल असं मला वाटलं. तिनं शेतांकडे पाहिलं आणि म्हणाली, "वेचनी उशिरा करून राह्यले यंदा." मग डोळे मिटून घेतले ते थेट निर्मलपर्यंत.

हैदराबादला माझं ट्रेनिंग चाललं ते दोन दिवस ती माझ्या मावसबहिणीकडे राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला ठेवणीतली निळी साडी नेसायला लावली आणि आम्ही रिक्षाने निघालो. विधानसभेची जुनी इमारत झाडांमागून दिसायला लागली तशी माय रिक्षातून वाकून पाहू लागली. पांढरेशुभ्र घुमट, त्यांच्या बाजूला छोटे मनोरे, खाली कमानींची रांग आणि प्रत्येक कमानीवर वेलबुट्टी.

"कोन्या राजाच्या पोरीचं लगन झालं न् मांडव उतरवाचा राहूनच गेला वाटते," ती म्हणाली. रिक्षावाल्याला मराठी येत नव्हतं, तरी तो हसला.

गेटवर पास पाहिले, मोबाईल जमा करून घेतले, पिशवी तपासली. महिला पोलिसाने मायचा पोळ्यांचा डबासुद्धा उघडून पाहिला. "घे, खाय," असं माय तिला सहज म्हणाली. मग आम्ही एका लांब व्हरांड्यात शिरलो. मी पुढे, माय मागे. मी मान वर करून कमानींमधलं नक्षीकाम पाहत चालले होते. ऊर भरून आला होता. आत्ता वळून पाहायचं, असं ठरवून मी वळले.

माय अनवाणी होती. नव्या चपला काखेत दाबून, साडी घोट्यावर उचलून, भिंतीला चिकटून चवड्यांवर चालत होती.

माझं डोकंच फिरलं. "माय! घाल त्या आधी!"

"हळू बोल."

"काय हळू? इथं कुणाला भितेस तू? ते गाव मागं राहिलं, ते घर राहिलं नाही. हे घर कुणाच्या बापाचं नाही, तुझं आहे, तुझ्या मताचं आहे!" दोन-चार माणसं थांबून पाहू लागली. मला रडू आवरेना. मी तिच्या काखेतून चपला ओढल्या, खाली वाकले आणि तिच्या पावलांपुढे ठेवू लागले. तिनं पाय मागे घेतला.

"येडी झाली काय व? भेव कायचं? तिनं आत्ताच पोछा मारला. पाह ना तिकडं."

मी वाकलेलीच होते, तशीच वळून पाहिलं. व्हरांड्याच्या टोकाला एक बाई पदर खोचून, आमच्याकडे पाठ करून फरशी पुसत होती. शेजारी बकेट. आणि दारापासून माझ्यापर्यंत, ओल्या फरशीच्या मधोमध, माझ्या सँडलचे मातकट ठसे उमटले होते. भिंतीकडेच्या कोरड्या पट्टीवर, जिथून माय आली, तिथे काहीच नव्हतं.

आदिलाबादला आल्यावर, मला शाळेत घालता यावं म्हणून, मायनं एका ऑफिसात वीस वर्षं पोछा मारला. बकेट घेऊन ती पहाटे निघायची. पुसून झालेल्या फरशीवर कुणी बूट घालून गेलं की ती परत वाकायची. हे मी तिच्याबरोबर जाऊन रोज पाहत मोठी झाले होते. पण माझ्या मनात राहिलं ते गावचं घर. मायच्या वीस वर्षांच्या कामाची मला आठवणही झाली नव्हती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नाही. आणि मायवर इतकी मायाही कधी आली नाही.

मीही सँडल काढले. आम्ही दोघी भिंतीकडेनं जिन्यापर्यंत गेलो.

गॅलरीत बसल्यावर मी तिच्या कानाशी म्हणाले, "चुकलं माझं."

"गप. ते बोलून राह्यले."

खाली तेलुगूत चर्चा चालली होती. पुढच्या कठड्यावर हनुवटी टेकवून ती तासभर मन लावून ऐकत होती. मधेच एकदा कुणाच्या तरी बोलण्यावर मान हलवून "बराबर हाये" असं पुटपुटली.

परत येताना ती बाई जिन्याच्या खाली भेटली. माय तिच्याशी तेलुगूत बोलली. गुडघे दुखतात का, किती जणी आहात, फिनाईलनं हातांची कातडी जाते का. ती बाई हसून उत्तरं देत होती आणि मायचा हात काही सोडत नव्हती. मी बाजूला उभी होते.

बाहेर येऊन आम्ही झाडाखाली डबा उघडला. मायनं पोळीचा तुकडा मोडला आणि सहज विचारलं, "तुह्या हापिसात कोन मारते व पोछा? काय नाव तिचं?"

मी अकरा वर्षं त्या ऑफिसात आहे. मला सांगता आलं नाही.