सुखदेवकाकाजींचं राहिलेलं अर्पण

काकाजी गेल्याची बातमी आम्हाला कारखान्याच्या बसमधून कळली. सकाळची पाळी सुटून बस क्वार्टरांपुढून चालली होती आणि मी पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसले होते. ओळखीच्या एका फिटरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं, "वहिनी, भंडाऱ्याचे कंपाउंडर गेले जी, आज सकाळीच." बस निघून गेली, धूळ खाली बसली, आणि मी आपली खडे काढतच राहिले... ऐकू आलं होतं, पण कळलं नव्हतं. बऱ्याच वेळानं लक्षात आलं की निवडलेले तांदूळ मी पुन्हा न निवडलेल्यांत ओततेय. त्याला आता सहा आठवडे झाले.

सुखदेवकाकाजी माझ्या नात्यातले कुणी नव्हते. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी नगरकडून जवाहरनगरला, यांच्या कारखान्याच्या क्वार्टरात आले. उपासनेला दर रविवारी भंडाऱ्याला जावं लागे. वीस-पंचवीस घरांची आमची लहानशी ख्रिस्ती मंडळी, त्यात हे एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर असलेले उंच, किडकिडीत गृहस्थ. आंधळगावच्या शेतकरी घरातले. तरुणपणी बाप्तिस्मा घेतला, पण नाव बदललं नाही. "नाव मायनं ठेवलं, ते काहून बदलू?" असं म्हणायचे. माझ्या माहेरची मराठी वेगळ्या वळणाची, त्यामुळे पहिले काही महिने त्यांचं बोलणं मला नुसतं सुरासारखं ऐकू यायचं, अर्थ मागाहून पोचायचा. आजही त्यांची आठवण येते ती तशीच, आधी आवाज येतो आणि मग माणूस.

महिन्यातून एका शनिवारी आमच्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत पवित्र शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, अभ्यासवर्ग भरायचा आणि तो काकाजी घ्यायचे. त्यांचा आवडता विषय म्हणजे जुन्या काळी यहुदी लोक देवाला कोणकोणती अर्पणं देत. हे अध्याय आले की भलेभले पानं उलटून पुढे जातात. मीही जात असे. काकाजी मात्र तिथेच मुक्काम ठोकत. "होमार्पण अख्खं जळून जाते. देणाऱ्याले बोटभर बी परत नाही. शांत्यर्पणाचं तसं नाही. थोडं देवाले, थोडं याजकाले, अन् बाकीचं घरच्यायनं, पाव्हण्यायनं संग बसून खावाचं." अन्नार्पणाच्या पिठात मध नको, खमीर नको, मीठ मात्र हवंच, हे ते असं सांगत की जणू समोर उभ्या रोग्याला औषध कसं घ्यायचं ते समजावताहेत. कोकरू परवडत नसेल त्यानं पारव्याची दोन पिल्लं आणावीत, तेही जमत नसेल त्यानं शेर-दोन शेर पीठ आणावं, या नियमावर तर ते भारी खूष होते. "गरिबाची लाज राखली नं देवानं," असं म्हणून चष्मा पुसायचे. बाहेर सागाच्या पानांवरून संध्याकाळ उतरत असायची, कुणीतरी हळूच जांभई द्यायचं, आणि मला त्या खोलीत यहुद्यांच्या वाळवंटातल्या उपासनेच्या तंबूतला धूर आल्यासारखं वाटायचं.

असंच एका शनिवारी त्यांनी दोषार्पणाचा पाठ घेतला. दुसऱ्याचं नुकसान केलेल्या माणसानं नुसतं देवापुढे येऊन भागत नाही. ज्याचं घेतलं त्याला ते परत द्यायचं, वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा, आणि मगच अर्पण आणायचं. पाठोपाठ त्यांनी येशूची शिकवण काढली. वेदीपाशी आल्यावर भाऊ आपल्यावर नाराज आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेवावं, आधी जाऊन भावाशी समेट करावा, मग परत येऊन अर्पण करावं... एवढं सांगून काकाजी थांबले. आम्हाला वाटलं, ओळ हरवली. मग पुस्तक मिटून म्हणाले, "आज इतकंच." दुसऱ्या दिवशी उपासनेत अर्पणाची थैली त्यांच्यापुढे आली, तशी त्यांनी ती काहीही न टाकता शेजाऱ्याकडे सरकवली. त्यापुढच्या रविवारीही तेच, आणि त्याच्याही पुढच्या.

ही थैली बायकांच्या बाजूनं मी फिरवायची, त्यामुळे पुरुषांच्या बाजूला काय चाललंय यावर माझं बारीक लक्ष असे. मंडळीत कुजबुज सुरू झाली आणि त्यात माझाही वाटा होता, हे कबूल करते. अर्पणांवर तास-तास बोलणारा माणूस स्वतः दमडी टाकत नाही, हे मी घरी यांना इतक्यांदा ऐकवलं की शेवटी हे म्हणाले, "मग तूच विचार ना त्यांना."

विचारायची वेळ हंगामाच्या रविवारी आली. आमच्याकडे धान घरात आलं की उपकारस्तुतीची उपासना होते. ज्याचं जे पिकेल ते तो वेदीपुढे आणतो, धान, लाखोरीची डाळ, भोपळे, कुणी परड्यातले पेरू. काकाजी त्या दिवशी धानाची दोन लहान पोती घेऊन आले. एक वेदीच्या पायरीशी ठेवलं आणि उपासना संपताच दुसरं खांद्यावर टाकून एसटी स्टँडकडे निघून गेले, जेवायलाही थांबले नाहीत. उन्हं कलल्यावर परत आले ते ते पोतं तसंच घेऊन. मग वेदीजवळचंही उचललं आणि दोन्ही सायकलला बांधून घरी नेऊ लागले. भांडी आवरत असलेल्या माझ्या तोंडून निघून गेलं, "काकाजी, देवापुढे ठेवलेलं कुणी परत नेतं का हो?"

ते रागावले नाहीत. सायकल भिंतीला टेकवून पायरीवर बसले आणि म्हणाले, "अजून ते अर्पण झालं नाही, बाई. नुसतं ठेवलं होतं." मग त्यांनी सांगितलं. आंधळगावला त्यांची आणि धाकट्या भावाची, सदाशिवची, धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेली खाचरं, एकमेकांना लागून. दुष्काळाच्या एका वर्षी तळ्याचं पाणी पाळीनं मिळत होतं. त्या दिवशी पाळी सदाशिवची होती आणि तो बाजाराला गेला होता. काकाजी उपासना आटोपून, थैलीत अर्पण टाकून, दुपारच्या गाडीनं शेतावर पोचले. आपलं धान वाळताना पाहिलं आणि भावाकडे जाणारा पाट फोडून पाणी आपल्या बांधीत घेतलं. "मायं धान निसवलं, लोंब्या भरल्या. त्याच्या बांधीत तणस बी धड झाली नाही. त्या साली माया भावानं विकतचे तांदूळ खाल्ले." धान पिकवणाऱ्या घरात विकतचा तांदूळ येणं म्हणजे काय, हे मला इतकी वर्षं इथं राहून आता कळतं. तेव्हा फक्त त्यांचा आवाज खाली गेलेला कळला. भाऊ कधी काही बोलला नाही, भांडला नाही. मग माझ्या खोलीत ते दोषार्पणाच्या पाठापाशी थांबले, त्या दिवसापासून त्यांचा हात थैलीत जाईना. आधी नुकसान भरायचं, वर पाचवा हिस्सा द्यायचा. खांद्यावरचं पोतं त्यातलं पहिलं. भावानं ते घेतलं की बाकीचं बैलबंडीनं पाठवायचं, आणि मग वेदीजवळचं पोतं देवाचं.

"मग घेतलं नाही त्यांनी?"

"म्हणते, पुढच्या साली पाहू."

हे पुढचं साल दरवर्षी येत राहिलं. जमीन त्यांनी बटईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला देऊन टाकली, गावाला जाणं वर्षातून त्या एकाच दिवशी. टेलिव्हिजन आला, आमच्या क्वार्टरांना नवा रंग लागला, माझी मुलं शाळेत गेली, आणि काकाजी दर हंगामाला दोन पोती आणत राहिले, दोन्ही परत नेत राहिले. पाळकसाहेबांनी एकदा समजावलं की प्रयत्न केलात, देव मन पाहतो, आता टाका थैलीत. काकाजी म्हणाले, "देव पाहते, साहेब. पर विकतचे तांदूळ भावानं खाल्ले." एका वर्षी आम्ही दोघं त्यांच्यासोबत गेलो. हिवाळी उन्हातून एसटी गेली, दोन्ही बाजूंना कापून गेलेल्या बांध्या ओल्या, पिवळ्या, आणि काकाजी खिडकीशी पोतं मांडीत धरून बसलेले. सदाशिव अंगणात दोरी वळत होते. पोत्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. बायकोला म्हणाले, "दादा आला, पाटं मांड." नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, वर तूप... दोघे भाऊ शेजारी बसून जेवले, जेवताना पावसापाण्याचं, गावातल्या लग्नांचं बोलले. निघताना काकाजींनी पोत्यावर हात ठेवला. सदाशिव म्हणाले, "राहू दे, दादा. पुढच्या साली पाहू." मला त्या माणसाचा इतका राग आला की परतीच्या गाडीत मी काकाजींशी धड बोलू शकले नाही.

या वर्षी हंगामाच्या रविवारच्या तीन आठवडे आधी काकाजी गेले. दफनाला सदाशिव आले होते, फाटकाच्या आत मात्र आले नाहीत, बाहेर झाडाखाली उभे राहिले आणि माती झाल्यावर निघून गेले. हंगामाच्या रविवारी काकाजींच्या पत्नी, काकू, दोन पोती घेऊन आल्या. ती काकाजींनी आजारपणातच भरून शिवून ठेवली होती. काकूंनी एक वेदीपाशी ठेवलं आणि दुसरं आमच्यापुढे. "मायानं त्याच्या दारात जाववणार नाही," एवढंच म्हणाल्या. म्हणून आम्ही गेलो. खरं सांगते, वाटेत मी सदाशिवना सुनवायची वाक्यं जुळवत होते.

अंगण सारवलेलं होतं. बाजेवर धुतलेली चादर, तांब्यात पाणी, आतून भाताचा वास. सदाशिव बाजेवर न बसता खाली जमिनीवर बसले होते. मी पोतं त्यांच्यापुढे ठेवलं आणि जुळवलेलं सगळं विसरून एवढंच म्हणाले, की तुम्ही हे घेतलं नाहीत म्हणून काकाजींनी इतकी वर्षं देवापुढे काही ठेवलं नाही. आधी भावाचं फेडायचं, मग देवाला द्यायचं, असा त्यांच्या मनाचा नियम होता.

सदाशिव पोत्याकडे वळले. "हे मले कधी सांगतलं नाही त्यानं."

"तुम्ही का घेतलं नाहीत?"

ते पोत्याच्या शिवणीवरून बोट फिरवू लागले. मग म्हणाले, "घेतलं असतं तं हिशेब मिटला असता, बाई. मंग तो कायले आला असता? भंडाऱ्याले गेला, तुमच्यातला झाला, बांधी बटईनं देल्ली. ह्या पोत्यापायी तरी सालातून एक डाव येऊन राहिला होता. त्या पाण्याचा राग तं मले पुढच्या पावसातच राहिला नव्हता."

मी खाली बसले. इतकी वर्षं दोषार्पण अडलेलं म्हणून आम्ही हळहळत होतो, आणि संग बसून खायचं ते शांत्यर्पण या अंगणात दर साली होत होतं. हे काकाजींना कळलं असतं तर... नाही, मला वाटतं त्यांना कळायला हवं होतं, आणि कुणीतरी एकानं तोंड उघडायला हवं होतं. मला रडू आलं. सदाशिवनी पोतं दोन्ही हातांनी उचललं आणि घरात नेऊन ठेवलं. बाहेर आले ते दारातच टेकले.

"घेतलं म्या," ते म्हणाले. "बाकीचं नको. वहिनीले सांगा, तिथचं पोतं देवाले देऊन टाका म्हणा." आणि मग, आमच्याकडे न पाहता, "आता कोण येईन?"

आम्ही जेवलो. पाळकसाहेबांनी दिवे लागायच्या आत वेदीजवळच्या पोत्यावर प्रार्थना केली, काकू पहिल्या बाकावर बसून होत्या. पुढच्या हंगामाला आंधळगावला जायचं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. काकूही येणार म्हणतात. सोबत काहीच न्यायचं नाही, नुसतं जेवायला जायचं.