साडूंची गाठ

आमच्या साडूंनी मारलेली गाठ आजवर कुणालाही सुटलेली नाही, आणि या ‘कुणालाही’मध्ये खुद्द साडूही आले. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात, डोंगराच्या पोटात, यंत्रांची देखभाल करण्यात गेली. तिथे एखादा नट ढिला राहिला तर काय काय होऊ शकतं हे ते अशा तब्येतीत सांगतात की ऐकणारा नकळत आपल्या सदऱ्याची बटणं चाचपून बघतो. निवृत्त होऊन चिपळूणजवळ घर बांधलं तेव्हा आवळायला यंत्रं उरली नाहीत, म्हणून त्यांनी मोर्चा संसाराकडे वळवला. गॅसचा सिलिंडर भिंतीला बांधला. कपडे वाळत घालायच्या दोरीला आधार म्हणून दुसरी दोरी बांधली. आमच्या मुलीच्या लग्नात तिची बॅग त्यांनी प्रेमाने ‘जरा आवळून’ दिली आणि सासरचा पहिला दिवस पोरीने नणंदेच्या साडीत काढला. तिच्या सासूबाईंना अजूनही वाटतं की आम्ही मुलीला कपडे दिलेच नाहीत.

पण साडूंची खरी कला दिसते ती मोटरसायकलवर सामान बांधताना. ही मोटरसायकल जुनी, पोफळीच्या क्वार्टरपासूनची. ताई, म्हणजे माझी मेव्हणी, आयुष्यभर तिच्यावर मागे बसली आणि आयुष्यभर मागून “अहो, हळू!” असं ओरडत आली. दोघांचं तेव्हापासून ठरलेलं होतं की निवृत्तीनंतर तंबू घ्यायचा, गाडीवर बांधायचा, आणि दापोलीच्या बाजूला बुरोंडीला जाऊन समुद्रावरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, मुक्काम करायचा. डोंगराच्या पोटात पाळ्या केलेल्या माणसाला उघड्यावर झोपायची हौस असणं मला समजू शकतं. मुंबईच्या मुलाने तंबू घेऊन दिला. आणि तंबू आला त्याच पावसाळ्यात ताईचा गुडघा गेला. डॉक्टरांनी दुचाकी कायमची बंद केली. ताई म्हणाली, “माझ्यापायी अडून राहू नका. तुम्ही जाऊन या. मला फोटो पाठवा.” साडू म्हणाले, “जातो की.” आणि ते सामान बांधायला लागले.

हे सामान बांधणं बघायला मिळणं हा एक योग आहे. मी दापोलीला शाळेत मास्तर, त्यामुळे सुट्टीत तो मला वरचेवर लाभतो. बाजारात मिळणारे हुकांचे रबरी पट्टे साडूंना चालत नाहीत. “जो ताणतो तो सुटतो,” असं त्यांचं मत. त्यांनी बुरोंडीच्या कोळ्यांकडून होडीची जाड नायलॉनची दोरी आणलेली आहे, आणि पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूब आणून त्यांच्या पट्ट्या कापलेल्या आहेत. आधी सीटवर गोणपाट, त्यावर ट्यूबच्या पट्ट्या, मग जड सामान खाली, हलकं वर, स्टोव्ह डावीकडे, तांदूळ उजवीकडे, तंबू आडवा. मग दोरी. दोरी खालून जाते, वरून येते, स्वतःलाच भेटते आणि शेवटी कुठे दिसेनाशी होते हे मला कधी कळलेलं नाही. सगळं झालं की मला हाक येते.

“मास्तर, हलवा.”

मी हलवून बघतो. “नाही हलत.”

“तुम्ही हलवतच नाय हो. रागानं हलवा. मुख्याध्यापकांना आठवा नि हलवा.”

मी मुख्याध्यापकांना आठवून हलवतो. सामान हलत नाही, आख्खी मोटरसायकल हलते, आणि साडूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरतं.

या कलेची अडचण एवढीच की सामान एवढं उंच होतं की साडूंचा पाय त्यावरून पलीकडे जात नाही. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, त्यांनी त्यासाठी जांभ्या दगडाचा एक चिरा ठेवलाय. चिऱ्यावर चढायचं, तिथून गाडीवर बसायचं. आता चिरा काही बरोबर नेता येत नाही, कारण बसल्यावर तो जमिनीवरच राहतो आणि तो उचलून बांधायला दुसऱ्या कुणावर साडूंचा विश्वास नाही. म्हणून वाटेत त्यांना थांबायचं ते ओढ्यावरच्या एखाद्या मोरीच्या कठड्याला लागूनच. चहा प्यायचा तर टपरीशेजारी मोरी हवी. जिल्ह्यातली कुठली मोरी चहाच्या टपरीला जवळ आहे, हे साडूंइतकं बांधकाम खात्यालाही माहीत नसेल.

दुसऱ्यांची गाडी दिसली की साडूंना राहवत नाही. सुट्टीच्या दिवसांत महामार्गावरून मुंबई-पुण्याकडचे स्वार जातात. अंगात चिलखत, गुडघ्याला ढाली, शिरस्त्राणावर कॅमेरा, आणि सगळा जामानिमा कशासाठी, तर गणपतीपुळ्याला जाऊन मोदक खायला. असाच एक तरुण टपरीवर थांबला होता. साडूंनी त्याच्या मागच्या बॅगेला हात लावून बघितला आणि नुसतं “अरेरे” म्हणाले. त्या पोराला काही बोलायची संधी मिळाली नाही. साडूंनी खिशातून दोरी काढून त्याची बॅग बांधून दिली, वर आपला फोन नंबरही दिला. संध्याकाळी फोन आला. पोरगं रडकुंडीला आलं होतं. “काका, गाठ सुटत नाहीये. चार्जर आत आहे, टॉवेल आत आहे, सगळं आत आहे.” साडूंनी फोनवर हात ठेवून मला अभिमानाने सांगितलं, “बघा मास्तर. सुटत नाय म्हणतोय.”

तर अशा जय्यत तयारीनिशी साडू पहिल्यांदा बुरोंडीला निघाले. ताईने ओवाळलं, शेजाऱ्यांनी नारळ फोडला. साडू जेवायच्या आत परत. म्हणाले, “गाडी मागनं उडते.” पुन्हा बांधलं, पुन्हा निघाले, खेडपर्यंत जाऊन आले. “डावीकडं ओढते.” पुढच्या वेळी म्हणे वाराच चुकीचा होता. शेजाऱ्यांनी नारळ फोडणं बंद केलं. परत आले की साडू गाडी तशीच भरलेली खळ्यात लावून आंघोळीला जायचे आणि चहा होईस्तोवर सामान सुटून घरात आलेलं असायचं. ते कसं सुटायचं, हे विचारायचं माझ्या कधी डोक्यात आलं नाही.

गेल्या मे महिन्यात आम्ही साडूंकडे असताना सकाळी स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, “माझा पाटा कुठाय?” चटणी वाटायची होती. घरभर शोध झाला. माझ्या बायकोने मिक्सर सुचवून बघितला, त्यावर ताईने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा पाटा शोधायला लागली. शेवटी मी खळ्यात गेलो. साडू सामान बांधत होते. तंबूखाली, गोणपाटात गुंडाळून, पाटा.

ताई भिंतीचा आधार घेत घेत बाहेर आली. तिने गाडीकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “भाऊजी, ह्यांनी काल मला तांदळाच्या दुकानात नेऊन काट्यावर उभं केलंनी. मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल. आता समजलं.” मलाही समजलं. इतकी वर्षं ती गाडी ज्या वजनाला सरावलेली होती तेवढं वजन साडू मागे भरत होते. ताई साडूंना म्हणाली, “म्हणजे माझ्या जागेवर पाटा बसवलात?”

“नुसता पाटा नाय,” साडू खाली बघत म्हणाले, “वरवंटा पण हाय. त्याशिवाय भरत नव्हतं.”

त्यानंतर ताई पाटा न घेताच आत गेली. चटणीही झाली नाही. मला आणि बायकोला वाटलं, आता बुरोंडी संपली. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच दारात रिक्षा उभी. ताई नवी साडी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून, माझ्या नि साडूंच्या मदतीने आत बसली आणि मला शेजारी बसायला सांगितलं. एक प्लास्टिकची खुर्ची तिने रिक्षात घातली. साडूंना म्हणाली, “पाटा काढून ठेवा आणि पुढं चला.” माझी बायको घर राखायला मागे राहिली, मुख्यतः पाट्यावर लक्ष ठेवायला.

पुढे साडू, मागे आमची रिक्षा. घाट लागला तशी ताईने रिक्षातून मान बाहेर काढून आरोळी ठोकली, “अहो, हळू!” साडूंपर्यंत ती पोचली की नाही कोण जाणे, पण रिक्षावाल्याने घाबरून रिक्षा हळू केली. मग प्रत्येक वळणावर तेच. ताई ओरडायची साडूंना आणि ऐकायचा रिक्षावाला. खेडच्या पुढे एका मोरीपाशी साडू थांबले तेव्हा त्यांचा चेहरा खुलला होता. “मास्तर, आज गाडी सरळ चालते हो.” मी विचारलं, काय दुरुस्ती केलीत? “काय नाय,” ते म्हणाले. “पाटा काढला.”

उन्हं कलायच्या आत आम्ही सड्यावर पोचलो. खाली बुरोंडी, किनाऱ्याला लागलेल्या होड्या, पुढे नुसतं पाणी. ताई खुर्चीवर बसली. साडू सामान सोडायला गेले आणि गाठ सुटेना. खारी हवा, प्रवासात बसलेला ताण, आणि मुळात साडूंची गाठ. नखं झाली, दात झाले. मी खिशातला चाकू पुढे केला तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी तो मुकाट्याने परत ठेवला. म्हणजे इथवर येऊन तंबू तसाच बांधलेला राहणार, या विचाराने मला मनापासून वाईट वाटलं.

“सरका,” ताई म्हणाली. तिने गाडी खुर्चीजवळ आणायला लावली, डोक्यातला आकडा काढला, गाठीत एका ठिकाणी घातला, मग दुसऱ्या ठिकाणी, आणि जराशी पिळून ओढली. होडीची ती जाड दोरी निमूटपणे मोकळी झाली. चहा होईस्तोवर सामान घरात कसं यायचं, ते मला त्या क्षणी कळलं. सुरुवातीला मी गाठीबद्दल जे विधान केलं ते मला इथे मागे घ्यायला हवं.

साडू दोरी गुंडाळत माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “एकटा इथपर्यंत आलो असतो मास्तर. ते काय कठीण नाय. पण मग सामान सोडलं असतं कुणी?”

“तंबूची दोरी सैल बांधा हो,” ताई मागून ओरडली. “सकाळी मलाच सोडायचीय.” तिने आकडा परत केसांत खोचला.

आता तिचा दुसरा गुडघाही धरलाय. रिक्षाचे धक्केही सोसत नाहीत, त्यामुळे यंदा बुरोंडी नाही, आणि पुढेही होईल असं मला वाटत नाही. तसं दोघांना स्पष्ट विचारायचं धाडस मला झालेलं नाही. पण रविवारी साडू गाडी खळ्यात ओट्याजवळ आणून लावतात आणि तंबू, स्टोव्ह, तांदूळ सगळं रीतसर बांधतात. ताई ओट्यावर खुर्ची टाकून बसते, हे असं नको, ते तसं घ्या म्हणते, आणि चहा झाला की आकडा काढून सगळं सोडते. परवा मी गेलो तेव्हा नेमकं बांधून झालं होतं. मला त्या दोघांचा हेवा वाटला. साडू म्हणाले, “मास्तर, हलवा.” मी मुख्याध्यापकांना आठवलं आणि रागाने हलवून बघितलं. जरासुद्धा हललं नाही.