डी ड्राइव्हमधले धडे

मला कोणी ‘हे तुमच्याने होणार नाही’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा जुना रोग आहे. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, बायकोला त्याचं औषध सापडलं नाही. आता ती शोधतही नाही.

मध्य प्रदेशातलं आमचं पांढुर्णा जिल्हा झाल्यावर माझं ऑफिस सौसरहून तिथे गेलं आणि मी रोजचा बसचा प्रवासी झालो. मागच्या वर्षी पावसाळा सरताना घरच्या कॉम्प्युटरवर सारखी एक सूचना येऊ लागली: विंडोजच्या या आवृत्तीला आता सुधारणा मिळणार नाहीत, आणि नवी आवृत्ती या मशीनवर चालणार नाही. पांढुर्ण्यातल्या ओळखीच्या दुकानदाराला विचारलं. त्याने मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, “साहेब, डब्बा झाला तो. नवा घ्या. बाकी काई तुमच्यानं होत नाई.”

झालं. त्या दिवसापासून मी विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सच्या मागे लागलो. बसमध्ये कानात वायर घालून व्हिडिओ पाहायचो. फुकट मिळतं, जुन्या मशीनवर पळतं, एका कंपनीची मालकी नाही, हजारो लोकांनी मिळून बनवलेलं. हे सगळं मला इतकं पटलं की मी ते दुसऱ्यांना पटवू लागलो, कारण माझ्या स्वभावात तेच बसतं. ऑफिसात चहाच्या वेळी मी गुलामी आणि स्वातंत्र्य यांवर बोलायचो. लोक ऐकून घ्यायचे, मी वयाने मोठा म्हणून. उथळ पाण्याला खळखळाट फार ही म्हण मी शाळेत पाठ केली होती, पण ती माझ्यासाठी आहे असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

बायको रामाकोन्याच्या पुढे एका खेड्यात शिक्षिका आहे. शाळा हिंदी माध्यमाची, पुस्तकं हिंदी, आणि पोरं घरून मराठी घेऊन येतात, तीही आपली वऱ्हाडी वळणाची. सहावीतलं पोर ‘वाष्पीकरण’ घोकून दाखवतं, पण चुलीवरच्या गंजातून, म्हणजे पातेल्यातून, वाफ जाते तेच हे, असं त्याला कोणी सांगत नाही. बायको सांगायची. दहा वर्षं ती संध्याकाळी त्या कॉम्प्युटरपुढे बसून पुस्तकातला एकेक धडा पोरांच्या बोलीत लिहायची, झेरॉक्स काढायची आणि वर्गात वाटायची. दरवर्षी त्यात भर घालायची. मी शेजारच्या खोलीत बातम्या पाहायचो. त्या धड्यांचं मला कौतुक होतं, म्हणजे चार लोकांपुढे सांगण्यापुरतं होतं.

आता आमच्याकडची एक श्रद्धा सांगायला हवी. कॉम्प्युटर बिघडला की दुरुस्तीवाला येतो, फॉरमॅट मारतो आणि जाताना सांगतो, “सी गेली तं जाऊ द्या, डीले काई होत नाई. आपलं सामान डीमधी ठेवत जा.” पंधरा वर्षं मी हे होताना पाहिलं. सी दर खेपेला पुसली गेली आणि डी जशीच्या तशी राहिली. त्यामुळे सी म्हणजे कंपनीची आणि डी म्हणजे आपली, असं आम्ही धरून चालतो. सौसर-पांढुर्ण्यात असा एक मास्तर, दुकानदार नाही तर अर्जनवीस दाखवा, ज्याचं सगळं डीमध्ये नाही. मशीनच्या पोटात डिस्क एकच असते आणि सी-डी हे तिचेच दोन कप्पे, हे आम्हाला कधी कोणी समजावलं नाही. मी तर विचारणाऱ्यातला नव्हेच.

भाऊबिजेला बायको तिगावला माहेरी गेली. घर मोकळं होतं, सुट्टी होती. लिनक्स बसवायला पेन ड्राइव्ह लागतो आणि तो आधी पुसावा लागतो. घरात एकच होता, तिचा. झेरॉक्सच्या दुकानात न्यायला काही धडे तिने त्यात घेतले होते. मूळ डीमध्ये आहेच, म्हणून मी तो बिनधास्त पुसला. तेवढ्यात तिचा फोन आला. मी मोठ्या थाटात सांगितलं, आज विंडोजला रामराम.

ती म्हणाली, “माह्या धड्यायले काई होनार नाई ना? आधी कुठीतरी काढून ठेवा जी.”

“डीमध्ये आहेत. डीला काही होत नसतं. तू मला शिकवू नको.”

ती “बरं” म्हणाली.

मग पडद्यावर प्रश्न आला, पूर्ण डिस्क पुसून लिनक्स बसवायचं का? खाली ताकीद होती, डिस्कवरच्या सगळ्या फाइली जातील. या प्रकरणात मला दुसऱ्या कोणावर खापर फोडता येत नाही, याचा मला अजून राग येतो. सूचना स्पष्ट होती. मी ती वाचली होती. डिस्क म्हणजे सी, असं मनाशी ठरवून मी बटण दाबलं.

मशीन खरंच पळू लागलं. मेनूसुद्धा मराठीत करून घेतले. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला, त्या दुकानदारालाही पाठवला. पुढचे चार दिवस मी एकेक प्रोग्राम टाकत बसलो, सिनेमे भरले, पडद्याचे रंग बदलले. धडे जागेवर आहेत का, हे एकदाही पाहिलं नाही.

बायको आली, हातपाय धुऊन कॉम्प्युटरपुढे बसली. शाळा उघडणार होती, तिला पहिल्या दिवसाचे कागद काढायचे होते. बराच वेळ ती माउस फिरवत राहिली. मग म्हणाली, “डी कुठी गेली?” मी तिला बाजूला केलं आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. दहा मिनिटं शोधलं. डी नव्हतीच, धडेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन नागपूरला गेलो. तिथल्या माणसाने ते दोन दिवस ठेवून घेतलं आणि परत देताना विचारलं, “पुसल्यावर लगेच बंद का नाही केलं? वरून एवढं काय भरून ठेवलं? नवं भरलं की जुनं निघत नाही.” काही फाइलींची अर्धीमुर्धी नावं मिळाली. आत काही नव्हतं.

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणात मला उत्तरं सुचतात. मी म्हटलं, तू नुसतं सांग, मी एकेक धडा टाइप करून देतो. ती भाजी निवडत होती. “काय सांगू? एकेक वाक्य पोरायनं विचारलं तवा सुचलं होतं. दहा वर्सं लिहून राहिली होती मी. तुमी एकदा तरी उघडून पाह्यलं का?”

नव्हतं पाहिलं. त्यात काय होतं हे मला माहीतच नव्हतं. खोटं बोलायचीही सोय नव्हती.

मग मी सुट्टीच्या दिवशी तिच्या शाळेच्या गावात जाऊन घरोघर जुने झेरॉक्स कागद मागत फिरलो. ऑफिसात ठाण मांडून बसणारा माणूस लोकांच्या उंबऱ्यांवर उभा राहिला. एक बाई म्हणाली, “मॅडमचे कागद? पोरगा पास झाला आन् रद्दीत गेले ना जी.” दुसऱ्या घरी एका पानावर मसाला वाळत घातला होता, त्यांनी झटकून दिलं. तीन रविवारांत अकरा पानं जमली.

परतीच्या बसची वाट पाहताना मी ती पहिल्यांदा वाचली. एकावर लिहिलं होतं, हृदय म्हणजे वावरातली मोटर, पण तिले विजेची लाइन लागत नाई. त्यापुढे कोण्या पोराने विचारलेला प्रश्न आणि त्याला तिने दिलेलं उत्तर. पानभर असेच प्रश्न, असंच बोलणं. मला हसू आलं, मग रडू आलं. इतकं चांगलं काही माझ्या घरात, भिंतीपलीकडे होत होतं, आणि मी बातम्या पाहत होतो. त्या क्षणी मला स्वतःची किळस वाटली.

पानं तिच्यापुढे ठेवली. तिने ती मोजल्यासारखी चाळली आणि म्हणाली, “राहू द्या.” कपाटात ठेवून दिली. पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसली नाही. मी नवा पेन ड्राइव्ह आणला, विंडोज परत टाकू का विचारलं, वही आणून दिली. ती म्हणाली, आता रिटायर व्हायला कितीसे दिवस राहिले.

जानेवारीत एक दिवस ती जेवणाचा डबा घरी विसरली. मला रजा होती, मी तो घेऊन शाळेत गेलो. वर्ग सुरू होता म्हणून बाहेर ओसरीत थांबलो. परागणाचा धडा होता. ती पुस्तकातून हिंदीत वाचत होती, एकसुरी, आणि पोरं मागून म्हणत होती. एक पोरगी उभी राहिली. “मॅडम, बगिच्यात मधमाश्यायचं मोहळ लागलं तं बाबा काढू देत नाई. त्यायच्यानं संत्रं धरन म्हनते, असं असन का?”

असा एक प्रश्न मिळाला की पूर्वी ती घरी आल्यावर चहासुद्धा न घेता लिहायला बसायची.

“जितना किताब में है उतना लिखो,” बायको म्हणाली.

पोरगी खाली बसली आणि लिहू लागली. मी डबा खिडकीत ठेवला. बायकोने माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाचं पान उलटलं आणि वर्गाला पुढचं वाक्य हिंदीत सांगितलं.