तीन मिनिटांची क्लिप

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय? — कदाचित तुम्ही माझ्या दुकानात कधी पाय ठेवणार नाही म्हणून.

वडशाला माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. विक्री, दुरुस्ती, सगळं. या विषयात गाव मला शहाणा समजतं, आणि मी तो समज गोंजारला आहे. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून एक भारी लॅपटॉप मागवला. असा माल जिल्ह्यात कुणाकडे नाही, असं चार लोकांत बोलून बसलो — आणि तो वर्षभर काचेमागे पडून राहिला. येणारा-जाणारा विचारायचा, गेला का हो तो? माझ्यासारख्या बढाईखोराला हे किती झोंबतं, काय सांगू?

अशात वनिताबाई आल्या. आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत वीस वर्षं कामं केली, मग गुडघ्यांनी दगा दिला. पण रडत बसल्या नाहीत. भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर व्हिडिओ जुळवायला शिकल्या. आमच्याकडे नाटकमंडळ्या उन्हाळ्यात आपल्या नाटकांचे व्हिडिओ तयार करून घेतात, ते पाहून गावोगावचे लोक पुढच्या हंगामाचं बुकिंग करतात. एका मंडळीनं त्यांना सगळ्या नाटकांचं काम देऊ केलं होतं. त्यासाठी मशीन हवं होतं. प्रश्न सरळ होता — डेस्कटॉप घेऊ की लॅपटॉप? दोन्हीच्या प्रोसेसरचं नाव एक, आकडा एक, मग ताकदही एकच ना?

नाही. एकच नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. लॅपटॉपच्या प्रोसेसरला वीज मोजून मिळते, पंखा बोटभर. सुरुवातीला तो जोरात पळतो, तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. डेस्कटॉपचा मोठ्या पंख्याखाली तासन्‌तास त्याच चालीनं चालतो. बाईंना कुठं फिरायचं नव्हतं, घरी बसूनच काम करायचं होतं. आणि घर टिनाच्या छपराचं. आमचा मे महिना तुम्ही कधी अंगावर घेतला आहे का?

मग मी काय केलं — दोन्ही मशीनं शेजारी मांडली. डिसेंबर होता, दुकान थंडगार. तीन मिनिटांची एक क्लिप दोन्हींवर एकदम तयार करायला लावली. काम जवळपास बरोबरीनंच संपलं. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यात आख्खं नाटक होतं.

“भाऊ, हे लावून पाहू का?”

“तेच दिसन, बाई. कायले वेळ घालवता?”

त्यांनी पेनड्राइव्ह परत पिशवीत ठेवला. संध्याकाळी लॅपटॉप त्यांच्या घरी गेला, आणि मी काचेमागची रिकामी जागा फडक्यानं पुसली.

एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, दुकानदार आहे, चालतं. पण —

मे महिन्यात त्या आल्या. अर्ध्या तासानं मशीन रांगायला लागतं म्हणाल्या. दोन विटांवर ठेवून पाहिलं, कूलरसमोर धरलं, तरी तेच. मी हात लावला. तवाच होता. आणि दोन गिऱ्हाइकं उभी असताना मी त्यांना सांगितलं की मशीनला काही झालेलं नाही, तुमचीच पद्धत चुकीची आहे, फायली नीट ठेवत नाही, सेटिंग कळत नाही. नाचता येईना अंगण वाकडं — हेही म्हणालो. आयुष्यभर रंगमंचावर नाचलेल्या बाईला. अंगण खरंच वाकडं होतं, मीच विकलं होतं. त्या वहीत माझं सगळं लिहून घेत होत्या. मी काहीबाही सांगत होतो.

काम वेळेत झालं नाही. मंडळीनं ते नागपूरला दिलं. बाई पुन्हा आल्या, लॅपटॉप विकता येईल का विचारायला. “मलेच नाई जमलं, भाऊ,” म्हणाल्या. “तुमी तं सांगतलं होतं.”

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? मी त्यांना माझ्याच दुकानात काउंटरवर कामाला घेतलं. कीव म्हणा, भीती म्हणा. बायको म्हणते, मन मोठं आहे तुमचं. बाई उपकार मानतात. सकाळी दहापासून त्या माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या असतात. सांगू शकत नाही, काढू शकत नाही. स्वतःच्याच दुकानात मला बसायला जागा उरलेली नाही. व्हिडिओला त्यांनी परत हात लावलेला नाही. आपल्याला येत नाही, असं त्यांनी धरलं आहे.

मागच्या आठवड्यात आरमोरीचा एक फोटोग्राफर आला. लग्नांचे व्हिडिओ करतो. प्रश्न तोच — डेस्कटॉप की लॅपटॉप? मी काही बोलायच्या आत बाईंनी दोन मशीनं शेजारी मांडली आणि तीच तीन मिनिटांची क्लिप लावली. त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला, आख्खं लग्न लावून पाहू म्हणाला.

“तेच दिसन, दादा,” बाई म्हणाल्या. “मी सोता पाहलं आहे. भाऊनं दाखवलं होतं मले.”

आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.