प्लेटीखालचा नंबर

२०२४ साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि माझी जीप माझ्या थोरल्या मुलाएवढी, म्हणजे चाळिशीला टेकलेली. दोघांचंही मोडीत जायचं वय झालं, असं तोच मुलगा मुंबईहून फोनवर म्हणाला. जीपचं मी बघतो, माझं तू बघू नकोस, एवढं सांगून मी फोन ठेवला.

ही जीप मी दाभोळच्या एका मासळीवाल्याकडून घेतली. तो तिच्यातून जेटीवरची मासळी वाहायचा. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं गळून खालची चासी, म्हणजे सगळी गाडी जिच्यावर बसते ती लोखंडी चौकट, जागोजाग सडलेली. घेतली तेव्हा लोक हसले. हसू देत. मला ती लग्नाच्या वरातीत न्यायची नव्हती. वाटणीत रस्त्याकडची जमीन धाकट्या भावाला गेली आणि मला वरचा सडा, म्हणजे डोंगरावरचा कातळाचा माळ. माझी आंब्याची कलमं तिथं आहेत आणि तिथं जायला नुसता कातळ, पायरी-पायरीनं फुटलेला. पिकअप पहिल्याच चढाला पोट टेकते. जीप चारही चाकांच्या बारक्या गिअरात टाकली की बकरीसारखी वर जाते. माझे गुडघे आता तो चढ चढत नाहीत. जीप बंद झाली तर सडा दुसऱ्याला करायला द्यावा लागेल, आणि घ्यायला टपलेला एकच माणूस आहे. माझा भाऊ.

तो एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झाला. भिंतीवर त्याचं सर्टिफिकेट आहे, काचेत. मी चौथी, आणि तीही पुरती नाही. पण जीपचा एक नट माझ्याशिवाय कोणी फिरवला असेल तर शपथ. ट्रकच्या मोडीतून स्प्रिंगचे जादा पाटे आणून मी तिचं पोट वीतभर उचललं. पेट्या रचायला मागं लोखंडी घोडा केला. बायकोला वर चढता येईना म्हणून पायरी जोडली. प्रत्येक वेळी भाऊ त्याच्या पडवीत उभा राहून बघणार आणि एक शब्द टाकणार. पाटे चढवले तेव्हा म्हणाला, आता शिडी पण लाव. आमचं अंगण एकच, घरं दोन. त्यानं पडवी वाढवली ती माझी जीप वळायच्या जागेत दोन हात आली. मी भांडलो नाही. जीपचा सायलेन्सर कापला आणि त्याचं तोंड डावीकडे वळवलं. डावीकडे त्याची पडवी. थंडीच्या दिवसांत हे डिझेल इंजिन सुरू झाल्यावर पाच मिनिटं काळं ओकतं. तेव्हापासून तो सकाळचा पेपर आत बसून वाचायला लागला.

टाळेबंदीच्या वर्षी पुढच्या उजव्या चाकाजवळ चासीला बोट जाईल एवढं भोक पडलं. मी जाड प्लेट कापली आणि हातभर लांबीची पट्टी वरून बसवायला घेतली. भाऊ पडवीतून म्हणाला, "अरे दादा, त्याच्याखाली गाडीचा नंबर आहे. आकडे तरी येतात ना वाचायला?" आणि हसला. त्याची बायको पण आतून हसली.

नंबर मला दिसत होता. तो बोलला नसता तर मी पट्टी नंबरापुरती कापून तो उघडा ठेवला असता, एवढी अक्कल मला होती. पण तो हसला, म्हणून मी तीच अख्खी पट्टी ठेवली आणि चारी बाजूंनी वेल्डिंग मारलं. असं मारलं, की त्या जागेवरून कुठल्याही वर्कशॉपातल्या माणसाला खोट काढता येणार नाही.

जुन्या गाडीला पाच पाच वर्षांनी पासिंग लागतं. आरटीओचे साहेब चासीवर ठोकलेला नंबर बघतात, त्यावर कागद धरून पेन्सिल घासतात. उमटलेले आकडे गाडीच्या कागदांशी जुळले तर गाडी पास. मागचं पासिंग प्लेट बसवायच्या आधीच झालं होतं. पुढचं आलं चोवीस साली. कागद करणारा एजंट घरी आला, गाडीखाली वाकला आणि म्हणाला, काका, नंबर कुठाय? प्लेटीखाली, मी म्हटलं. तो म्हणाला, मग प्लेटीवर नवा ठोकून टाकू, पंच माझ्याकडे आहेत, कोणाला कळत नाही. मी त्याला चहा अर्धा ठेवूनच उठवला. माझ्या गाडीला मी हजार ठिगळं लावलीत, खोटं एकही लावलेलं नाही. जाताना तो म्हणाला, प्लेट कापताना ग्राइंडर नंबरावर गेला तर मग देव पण पास करणार नाही, गाडी सरळ मोडीत.

हे खरं होतं. आणि नंबर पट्टीच्या नेमका कुठल्या भागाखाली आहे हे मला आठवत नव्हतं. वेल्डिंग मारताना माझं लक्ष भावाच्या हसण्याकडे होतं.

बायको म्हणाली, भावजींना विचारा, त्यांना ठाऊक असेल. तिचं आणि जावेचं मागच्या दारानं सगळं चालू असतं, मीठमिरची सुद्धा. मी म्हटलं, त्याला विचारण्यापेक्षा जीप मी कातळावरून ढकलीन. ती म्हणाली, ढकला, पण आधी माझी पायरी काढून घ्या, धुणं धुवायला होईल.

पासिंगच्या आदल्या दिवशी दुपारी मी खडूनं रेघ मारली, अंदाजानं. ग्राइंडरला पातळ चकती लावली, गोणपाट घालून जीपखाली शिरलो आणि कापायला सुरुवात केली. भाऊ पडवीत होताच. तो काहीतरी ओरडला. मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकलं आणि थांबलो नाही. मग अचानक ग्राइंडर गप्प झाला. बाहेर मुंडी काढून बघतो तर भाऊ माझ्या पडवीत, माझ्या बोर्डापाशी, आणि पिन त्याच्या हातात. चार वर्षांत त्यानं माझ्या पडवीत पाय ठेवला नव्हता.

"पिन लाव," मी म्हटलं.

"तुझी रेघ नंबरावर आहे. चार बोटं मागं घे."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाय. तू विचारणार नाहीस म्हणून आलो. दोन मिनिटं आणखी चालवलं असतंस तर नंबर गेला असता."

"जाऊ दे की. सडा तुलाच हवाय ना."

त्यानं पिन या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाला, "हवाय. पण असा नको."

मी म्हटलं, "प्लेट लावली तेव्हा हसला होतास."

"हसलो होतो. आता हसतोय का?"

हसत नव्हता. मी जवळची पाण्याची बाटली ओतून खडूची रेघ पुसली आणि बोटं टेकवली. तो जीपपाशी येऊन, वाकून बघत म्हणाला, "तुझी बोटं जाड आहेत. तुझी तीन घे."

माझी बोटं जाड आहेत ती काम करून, हे मी त्याला ऐकवलं. पण तीनच घेतली. पिन मी स्वतः उठून लावली, त्याला लावू दिली नाही. तो तिथंच उभा राहिला, हात पाठीमागं बांधून, वर्कशॉपात साहेब उभा राहतो तसा. तुकडा सुटून खाली पडला. आत गंज होता. तारेच्या ब्रशनं घासलं, डिझेलच्या फडक्यानं पुसलं, आणि आकडे वर आले. शेवटच्या आकड्यावर माझ्याच वेल्डिंगचा थेंब बसला होता. मी मान वर केली तर भाऊ निघून गेलेला. थेंब कानशीनं घासत मी दिवस मावळेपर्यंत पडून होतो. दोन घासांवर एकदा हात लावून बघत होतो. खोल घासला असता तर आकडा गेला असता आणि कमी घासला असता तर दिसला नसता.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला पासिंगच्या रांगेत उन्हात तीन तास उभा राहिलो. साहेब पोरसवदा होते. त्यांनी कागद धरला, पेन्सिल घासली आणि शेवटच्या आकड्यापाशी अडले. हा तीन आहे की आठ, असं स्वतःशीच म्हणाले. मी त्यांना न विचारता पहिल्यापासून सगळा नंबर मोठ्यानं वाचून दाखवला, रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल असा, आणि शेवटी आठ म्हटलं. त्यांनी कागदांशी ताडून बघितलं. आठच होता. काका, ही उघडी जागा नीट बुजवा, पण नंबर झाकू नका, असं सांगून त्यांनी सही केली.

घरी आलो तेव्हा भाऊ पडवीत नव्हता. त्याची बायको विहिरीवर होती. तिच्याकडे न बघता, पण तिला ऐकू जाईल असं, मी माझ्या बायकोला सांगितलं, झाली पास. रात्री जेवताना बायको म्हणाली, तिकडे जाऊन एक शब्द बोला. मी म्हटलं, पडवीचे दोन हात त्यानं मागं घेतलेत का? नाही घेतले. मग मीही शब्द घेऊन जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाच्या आधी, मी जीपखाली शिरलो. सायलेन्सरचं डावीकडे वळलेलं तोंड कापलं, आणि पाइपाचा सरळ तुकडा जोडून ते मागं, परड्याच्या बाजूला काढलं. बाहेर आलो तर भाऊ पेपर हातात घेऊन पडवीच्या पायरीवर उभा. त्यानं काही विचारलं नव्हतं.

"गळत होता," मी म्हटलं, आणि जीप सुरू केली.