स्वल्पच राहिलंय

राजाजीनगरातल्या आमच्या शेजाऱ्यांना सगळे अण्णाच म्हणत. रविवारी ते कडक इस्त्रीची पँट घालून, पिशवीत काकड्या घेऊन आम्हा शेजारच्या मंडळींना शिवगंगेचा डोंगर चढायला न्यायचे. वॉकमन बसमध्येच बंद करायला लावायचे. कुणी धापा टाकत बसलं की आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणायचे, "ऊठ अक्का, स्वल्पच राहिलंय!" पायथ्याशीही स्वल्पच, अर्ध्यावरही स्वल्पच. मी चिडायचे, पण चढायचे.

एकदा मात्र अर्ध्या वाटेत अण्णाच मटकन बसले. "किती राहिलं गं?"

माथा अजून दिसतही नव्हता. मी म्हटलं, "स्वल्पच, अण्णा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे इतकी वर्षं तुला ठाऊक होतं होय!" मग हसत, गुडघ्यावर हात टेकून उठले. "सरी, चल. पण मागच्यांना सांगू नकोस."