आज भाजी नाही, वांगी आहेत

हे गेल्यापासून मी घरात वांगी आणलेली नाहीत. "आज भाजी कसली?" असं यांनी विचारावं, मी "वांग्याची" म्हणावं, आणि "म्हणजे आज भाजी नाही," असं म्हणत यांनी पाटावर बसावं, ही आमची जन्मभराची चेष्टा. पाहुण्यांना ती कळत नसे. आता ती कळणारी मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते आहे.

इंदूर तेव्हा ‘मध्य भारत’ नावाच्या राज्यात होतं. आमचं लग्न नुकतंच झालेलं. हे अर्थशास्त्र शिकून कॉलेजातल्या एका जागेकडे डोळे लावून बसले होते. तिथल्या यांच्या सरांनी सांगितलं होतं, आधी सभेत एक चांगला पेपर वाचून दाखव, मग शिफारस करतो. यांनी विषय घेतला तो असा: दरबारच्या चाकरीसाठी माळव्यात आलेली मराठी घरं आता काय खातात? इंदूर शहरातल्या तुकोगंजातली काही घरं आणि जवळच्या हातोद गावातली काही. शेताजवळची माणसं भाजी जास्त खात असणार, हे यांचं गृहीतक.

"गृहीतक म्हणजे पैजच," हे मला म्हणाले. "फक्त हरलो तरी सगळ्यांना सांगायचं."

परक्या पुरुषाला स्वयंपाकघरात कोण घेणार? म्हणून प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. ओळखीच्यांकडे गेलं तर ओळखीचीच उत्तरं मिळतात, असं यांचं म्हणणं. आणि प्रत्येक घरी प्रश्न तोच, शब्दही तेच: तुमच्याकडे आठवड्यातून किती दिवस भाजी होते? एकीला समजावून सांगितलं आणि दुसरीला नाही, तर दोघींची उत्तरं शेजारी ठेवता येत नाहीत. मी नाशिककडची, वाचायची हौस असलेली, पण असा विचार कुणी करतं हे मला ठाऊकच नव्हतं. रोज संध्याकाळी आकडे मांडताना मला परीक्षेच्या निकालासारखी धडधड व्हायची.

निकाल उलटा लागला. तुकोगंजात रोज भाजी, हातोदला क्वचित. सर खूश झाले. "पिकवतात ते बाजारात जातं, ताटात काय राहणार? हे लिहा." यांनी एका बैठकीत चर्चा लिहून काढली. पेपर इंग्रजीत होता, भाजीचं व्हेजिटेबल झालं होतं. मी स्वच्छ प्रत करत होते: प्रस्तावना, पद्धत, तक्ते, चर्चा, निष्कर्ष.

वाचनाला दोन-तीन दिवस होते. हातोदच्या एका काकूंनी नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं होतं, म्हणून प्रवासी मोटारीने गेलो. ताटात मसाल्याची भरली वांगी. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "भाजी काही नाही हं आज. वांगी आहेत, त्यावरच भागवा."

यांचा घास हातातच राहिला. "काकू, वांगी म्हणजे भाजी नाही?"

"वांगी भाजी कशी होईल, भिया?" तिकडे भाऊ म्हणायचं तर भियाच म्हणतात. "ती सब्जी झाली. भाजी म्हणजे पालक, मेथी, बथुआ, असला हिरवा पाला. ती थंडीत."

"आणि सब्जी?"

"ती तर रोजच असते. सब्जीशिवाय काय कोरडी पोळी खातो आम्ही?" मग माझ्याकडे वळून, "कॉलेजात हे नाही शिकवत काय?"

परतताना मला रडू येत होतं. ती जागा गेलीच, असं वाटत होतं. हे मात्र मोटारीच्या दांड्याला धरून उभेच होते, बसायला जागा असूनही. "अगं, आपण खाणं मोजलंच नाही. आपण शब्द मोजला. तिथल्या बायकांनी बरोबर उत्तर दिलं, आपणच दोन गावांत दोन प्रश्न विचारले."

दुसऱ्या दिवशी यांनी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "मग पेपरात राहिलं काय?"

"पद्धत राहिली, सर. ती दुरुस्त करून आणतो."

वाचनाची पाळी दुसऱ्याला मिळाली. आम्ही त्याच घरांमध्ये पुन्हा गेलो. आता प्रश्न होता, काल ताटात काय काय होतं? बायका भराभर सांगू लागल्या: गिलकी, दोडकी, बटाटे. तक्ता पुन्हा मांडला तेव्हा दोन्हीकडे जवळपास सारखंच निघालं.

पुढच्या वाचनाला मी मागच्या बाकावर होते. यांनी पहिला तक्ताही दाखवला, आणि तो का चुकला ते शेवटच्या ‘मर्यादा’ या भागात न लपवता ‘पद्धत’ या भागातच सांगितलं. सरांनी विचारलं, "म्हणजे तुमचं गृहीतक हरलं, आणि माझंही?"

"हो सर. दोन्ही."

सभा हसली. सरही हसले. "उद्या येऊन भेटा, शिफारस लिहून ठेवतो."

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. कोपऱ्यावरच्या हातगाडीपाशी थांबून यांनी मुद्दाम विचारलं, "भिया, भाजी है क्या?"

"भाजी तो खत्म, बाबूजी. बैंगन ले जाओ."

आम्ही दोघं भर रस्त्यात हसत सुटलो. तो गाडीवाला आमच्याकडे बघतच राहिला, आणि मग यांनी पिशवीभर वांगी घेतली.